मिसरोदची नऊवारी आणि विमानातील उंची वर्ग

भोपाळ शहर मागे टाकून नर्मदापुरमच्या, म्हणजे पूर्वीच्या होशंगाबादच्या, रस्त्याला लागले की दक्षिणेच्या अंगाला मिसरोद येते. एके काळी हे शहराबाहेरचे शेतीवाडीचे गाव होते. आज त्यास शहराचे उपनगर म्हणणेच योग्य होईल. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस नव्या वसाहती, उंच इमारती, औषधांची व बांधकाम-सामानाची दुकाने आणि त्यांच्या मागे अजून तग धरून राहिलेली गव्हाची व हरभऱ्याची शेते, असे येथील दृश्य आहे. इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर राणी कमलापती स्थानक, म्हणजे २०२१ पर्यंतचे हबीबगंज, सोडले की मिसरोदचे लहानसे स्थानक लागते आणि त्यापुढे मंडीदीप. १९५७ साली डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर आगगाडीने भोपाळकडे येत असता त्यांना खिडकीतून भीमबेटक्याचे खडक दिसले आणि पुढे मानवाच्या आदिम चित्रकलेचे एक मोठे दालन जगापुढे उघडले गेले, तो लोहमार्ग हाच. आमच्या शाळेतील मुलांना आम्ही ही गोष्ट दर वर्षी सांगतो. कारण खिडकीबाहेर पाहण्याची सवय ही प्रवासातील पहिली विद्या आहे, असे आमचे मत आहे.

मिसरोदला भूमीवरील प्रवास अशा प्रकारे जन्मापासून परिचयाचा आहे. आकाशातील प्रवास मात्र त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. राजा भोज विमानतळ शहराच्या वायव्येस, बैरागढ आणि गांधीनगरच्या बाजूस. म्हणजे मिसरोदच्या माणसाला विमान गाठायचे तर सारे भोपाळ ओलांडावे लागते. २०१३ साली याच दोन टोकांना जोडणारा, मिसरोद ते बैरागढ असा सुमारे २४ किलोमीटरचा बसगाड्यांचा स्वतंत्र मार्ग सुरू झाला होता. २०२४ च्या आरंभापासून तो उखडण्यास सुरुवात झाली. मार्ग गेला, पण प्रवासी वाढले. पूर्वी आमच्या वसाहतीतून पहाटे रिक्षा निघाली की ती पंजाब मेल किंवा दक्षिणेकडील एखादी गाडी गाठण्यासाठी असे. आता ती बहुधा विमानासाठी असते.

या भागातील मराठी घरांचा इतिहास वाचकांस ठाऊक असेलच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, जुन्या मध्य प्रदेशाची नागपूर ही राजधानी मागे राहिली आणि भोपाळ ही नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली. नागपूरच्या सचिवालयातील कितीतरी मराठी कर्मचारी आपली बिऱ्हाडे घेऊन येथे आले. त्याच सुमारास अवजड विद्युत् यंत्रसामग्रीचा कारखाना उभा राहू लागला. त्याने आणखी मराठी कुटुंबे आणली. ग्वाल्हेर, इंदूर, देवास येथील जुनी मराठी घराणी तर आधीपासून या मातीत रुजलेली होती. ही माणसे आली ती धोतर, लांब कोट, काळी टोपी आणि नऊवारी लुगडे यांसह. त्यांची मुले पाटलोणीत आणि पाचवारी साडीत वाढली. नातवंडे जगभर पांगली. आता ती नातवंडे आपल्या आजी-आजोबांना भेटीस बोलावतात आणि गुडघे दुखतात, पाय सुजतात म्हणून त्यांच्यासाठी विमानातील उंची वर्गाचे तिकीट काढून पाठवतात. ज्यास कोणी बिझनेस क्लास म्हणतात, कोणी फर्स्ट क्लास, तो हा वर्ग. आणि मग घराघरांतून एक प्रश्न उपस्थित होतो. वरवर पाहता तो क्षुल्लक वाटतो, तथापि त्याचे मूळ खोल आहे. प्रश्न असा, की त्या वर्गात बसताना नेसावे-ल्यावे तरी काय?

हा प्रश्न आमच्यापुढे प्रथम आला तो शेजारच्या वसाहतीतील एका वृद्ध बाईंमुळे. आम्ही त्यांना काकू म्हणतो. वय ब्याऐंशी, माहेर विदर्भातील. सोळाव्या वर्षी लग्न झाल्यापासून नऊवारीखेरीज दुसरे वस्त्र अंगाला लागलेले नाही. त्यांचा मुलगा कॅनडात असतो. त्याने उंची वर्गाचे तिकीट पाठवले आणि पाठोपाठ सूनबाईंचा दूरध्वनी आला. "आई, त्या वर्गात नऊवारी बरी दिसणार नाही हो, दोन पंजाबी पोशाख शिवून घ्या, प्रवासापुरतेच." सूनबाईंच्या बोलण्यात तिरस्कार नव्हता. सासूबाईंकडे कोणी टक लावून पाहील, हसेल, त्यांस संकोच होईल, ही काळजीच होती. काकूंनी मात्र तिकीट देवघरात ठेवले आणि "मग मी जातच नाही" असे सांगून टाकले. नातवाला त्यांनी सहा वर्षांत पाहिले नव्हते. पुढे एकदा त्यांनी आम्हांस हळूच विचारले, "गुरुजी, हे विमानवाले मला नऊवारीत बसू देतील ना?"

हा प्रश्न एकट्या काकूंचा नाही. बृहन्महाराष्ट्रातील शेकडो घरांत तो वेगवेगळ्या रूपांत विचारला जात असेल. म्हणून आम्ही त्याचा थोडा शोध घेतला. त्याचे फलित वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम इतिहास पाहू. आपल्या देशातील नियमित हवाई टपालसेवेचा आरंभ १५ ऑक्टोबर १९३२ रोजी झाला. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे टपाल घेऊन विमान उतरवले. त्या विमानात उंची वर्ग नव्हता आणि खालचा वर्गही नव्हता. टपालाच्या पिशव्या हेच काय ते प्रवासी. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले आणि भारताच्या आंतरराष्ट्रीय विमानसेवेस प्रारंभ झाला. त्या काळी विमानाचे तिकीट सामान्य माणसाच्या स्वप्नातही येण्यासारखे नव्हते. जे जात ते राजेरजवाडे, उद्योगपती, मुत्सद्दी. साहजिकच ते राजदरबारी जावे तशा थाटात विमानात बसत. पुरुष सुटाबुटात व गळपट्ट्यात, स्त्रिया रेशमी साड्यांत किंवा हातमोजे घालून. विमानप्रवास हाच एक समारंभ होता आणि समारंभाचा वेश असतोच.

विमानातील सेविकांचा पोशाखही या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. एअर इंडियाच्या सेविका आरंभी पाश्चात्त्य धाटणीचा झगा घालीत. १९६० च्या दशकात त्यांनी साडी स्वीकारली आणि ती साडी जगभर त्या कंपनीची ओळख झाली. २०२२ च्या जानेवारीत ही कंपनी पुन्हा टाटांकडे आली आणि २०२३ च्या अखेरीस मनीष मल्होत्रा यांनी आखलेला नवा गणवेश जाहीर झाला, तेव्हाही साडी कायम राहिली. म्हणजे ज्या विमानात सेवा करणारी साडी नेसून उभी राहते, त्या विमानात बसणाऱ्या आजीने मात्र साडीचा संकोच करावा, हे काही पटण्यासारखे नाही. साडी नेसून विमान चालवल्याचेही उदाहरण आपल्याकडे आहे. १९३६ साली सरला ठकराल यांनी साडी नेसूनच एकटीने विमान उडवले होते. आमच्या भोपाळच्या राजघराण्यातील आबिदा सुलतान यांनी १९४२ साली वैमानिकाचा परवाना मिळवला. आणि १९८५ साली जिच्यात सर्व कर्मचारी स्त्रियाच होत्या अशा उड्डाणाचे नेतृत्व कॅप्टन सौदामिनी देशमुख या मराठी स्त्रीने केले.

मग थाटाचा वेश गेला कसा? त्याचे कारण शिष्टाचाराच्या ऱ्हासात शोधण्यापेक्षा आसनाच्या रचनेत शोधावे, असे आम्हांस वाटते. १९७० च्या दशकात मोठ्या जेट विमानांमुळे आसने वाढली. १९७८ साली अमेरिकेने विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठवले. भाडी उतरली, गर्दी वाढली आणि विमान हे आगगाडीसारखे नित्याचे वाहन झाले. दुसरीकडे उंची वर्गाचे आसन अधिकाधिक मागे कलू लागले. १९९० च्या दशकाच्या मध्यास ब्रिटिश एअरवेजने पहिल्या वर्गात आणि २००० साली बिझनेस वर्गात पूर्ण सपाट होणारी आसने आणली. इतर कंपन्यांनी तोच कित्ता गिरवला. आसनाची शय्या झाली. आता शय्येवर कोणी गळपट्टा बांधून निजत नाही! म्हणूनच काही कंपन्या पहिल्या वर्गातील प्रवाशास रात्रीचा सैल पोशाखच देतात. जो वर्ग पूर्वी सर्वांत नटून बसत असे, तोच आता सर्वांत सैल कपड्यांत झोपतो. श्रीमंतीचे लक्षण थाटमाटाकडून स्वस्थतेकडे सरकले, एवढाच याचा अर्थ.

आता नियमाकडे वळू. उंची वर्गाचे तिकीट रीतसर विकत घेतलेल्या प्रवाशाने अमुकच वेश करावा, असा नियम विमानकंपन्या सहसा घालीत नाहीत. वस्त्र अश्लील असेल, त्यावर कोणाचा अपमान करणारा मजकूर असेल, अथवा प्रवासी अनवाणी असेल, तर त्यास अडवण्याचा अधिकार मात्र त्या राखून ठेवतात. कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांस सवलतीचा प्रवास मिळतो, त्यांना वेशाचे बंधन असते. २०१७ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे युनायटेड कंपनीच्या विमानात घट्ट तंग विजार घातलेल्या दोन मुलींना चढू दिले नाही, त्यावरून जगभर गदारोळ झाला. त्या मुली अशाच सवलतीच्या तिकिटावर होत्या. काही विश्रांतिकक्षांतही नियम आहेत. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासने आपल्या देशातील कक्षांत रबरी सपाता घालून येण्यास मनाई केली आहे. तेव्हा पायात नीटनेटके पादत्राण असणे हे उत्तम. वस्त्र स्वच्छ, अंग झाकणारे आणि निरुपद्रवी असले म्हणजे नियमांचे समाधान होते. नऊवारी या तिन्ही कसोट्यांना उतरते.

परंतु नियम नसला तरी नजर असते, आणि सूनबाईंना भय होते ते नजरेचे. आपल्या देशात ही नजर साहेबी क्लबांकडून वारशाने आलेली आहे. १९८८ साली मुंबईच्या विलिंग्डन क्लबात पंढरपुरात जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांना अनवाणी असल्यामुळे मज्जाव झाला होता. २०१४ साली चेन्नईतील एका क्लबात मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनाच वेष्टी, म्हणजे धोतर, नेसल्यामुळे प्रवेश नाकारला गेला. तेव्हा त्याच वर्षी तमिळनाडूच्या विधिमंडळाने असा मज्जाव बेकायदा ठरवणारा कायदा केला. धोतरासाठी कायदा करावा लागावा, ही गोष्ट शोचनीय खरी. पण कायदा झाला, ही अभिमानाची.

या संदर्भात तीन प्रवाशांचे स्मरण करावेसे वाटते. तिघेही आजच्या विमानाच्या पूर्वीचे, बोटीचे व आगगाडीचे प्रवासी. तथापि प्रश्न हाच.

पहिल्या आनंदीबाई जोशी. १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूर येथे भाषण करून त्यांनी आपण अमेरिकेस का जात आहोत हे जाहीरपणे सांगितले, आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येण्याचा निर्धार व्यक्त केला. एप्रिलात त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. तेथील थंडी आपल्या थंडीसारखी नव्हे. नऊवारीने पोटऱ्या उघड्या राहतात. त्यामुळे त्यांनी गुजराथी पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला. साडी सोडली नाही, नेसण्याची तऱ्हा बदलली. १८८५ सालचे एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. त्यात त्या आणि त्यांच्यासोबत शिकणाऱ्या जपानी व सीरियन विद्यार्थिनी, तिघीही आपापल्या देशाच्या वेशात बसलेल्या आहेत. आमच्या वर्गात आम्ही हे चित्र दाखवतो तेव्हा मुली फार वेळ पाहत राहतात.

दुसऱ्या आमच्याच भोपाळच्या नवाब सुलतान जहाँ बेगम. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहांच्या राज्यारोहणानिमित्त त्या लंडनला गेल्या. युरोपच्या राजधान्यांतून, बड्या बड्या लोकांच्या मेळाव्यांतून त्या वावरल्या, पण बुरख्यातच. बुरख्याविषयी कोणाचे काहीही मत असो. आपल्या वेशामुळे आपली पायरी खाली येते, असे त्या बाईंच्या मनातही आले नसावे, हे येथे महत्त्वाचे. ह्याच बेगम पुढे १९२० साली अलीगढ विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या.

तिसरे महात्मा गांधी. १८९३ च्या जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेतील पीटरमॅरिट्झबर्गच्या स्थानकावर त्यांना पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवले गेले, तेव्हा त्यांच्याजवळ पहिल्या वर्गाचे तिकीट होते आणि अंगावर विलायती पोशाख होता. साहेबाच्या पोशाखाने त्यांची जागा राखली नाही. १९३१ साली ते गोलमेज परिषदेस गेले ते बोटीच्या दुसऱ्या वर्गातून, आणि बकिंगहॅम राजवाड्यात बादशहांच्या भेटीस गेले ते पंचा व शाल याच वेशात. तेथे त्यांना कोणी अडवले नाही. या दोन प्रसंगांच्या मध्ये अडतीस वर्षांचा काळ आहे आणि वेशाविषयी आम्हांस जे काही सांगावयाचे आहे, ते बहुतेक त्यात आले आहे.

आपल्यात म्हण आहे, ‘जसा देश तसा वेश’. तिचा आधार घेऊन सूनबाईंची बाजू मांडता येईल. पण मग विमानाचा देश कोणता? येथे एक गमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे प्रत्येक विमानाची एका देशात नोंदणी असते आणि त्या देशाची अक्षरे त्याच्या अंगावर रंगवलेली असतात. भारतीय विमानावर ‘व्हीटी’ ही अक्षरे असतात. तेव्हा भारतीय विमान कितीही उंच गेले तरी भारतीयच. आणि परक्या देशाचे असले तरी त्याच्या आतील खरा देश म्हणजे तेथील हवा. त्या हवेस अनुसरून वेश करावा, हा म्हणीचा अर्थ आम्ही घेतो.

ती हवा कशी असते? विमान पस्तीस हजार फुटांवर असताना बाहेर शून्याखाली पन्नास अंशांहूनही अधिक थंडी असते. आत साधारण बावीस ते चोवीस अंश राखले जातात, पण स्थिर बसून राहिल्यावर तेवढीही थंडी वृद्धांस बोचते. हवेचा दाब सुमारे सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तितका, आणि आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांहून कमी. म्हणजे भोपाळच्या मे महिन्यातील दुपारीसारखा कोरडेपणा. ओठ व कातडी सुकते. तासन् तास बसून पाय सुजतात. चार तासांहून अधिक लांबच्या प्रवासात पायातील शिरांत रक्त गोठण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसून आले. मुळात हा धोका थोडाच असतो, पण वृद्धांनी तो ध्यानात ठेवावा.

यावरून वेशाचे काही नियम आपोआप निघतात. वस्त्र सुती, लोकरी किंवा रेशमी असावे. नायलॉनसारखे कृत्रिम धागे आगीत वितळून कातडीला चिकटतात, सुती व लोकरी कापड तसे चिकटत नाही. शिवाय सुती वस्त्रात अंगाला वारा लागतो. एकच जाड वस्त्र घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ वस्त्रे एकावर एक असावीत, म्हणजे मिसरोदहून जानेवारीच्या पहाटे चार वाजता निघताना जी लोकरीची बंडी हवीशी वाटते, ती विमानतळाच्या दिवाणखान्यात काढून ठेवता येते आणि विमानात पुन्हा घालता येते. कमरेला घट्ट नाडी किंवा पट्टा नको. पादत्राण सपाट, टाचेला धरणारे आणि थोडे सैल असावे, कारण उतरताना पाय चढतानाच्या पायांहून मोठे झालेले असतात. उंच टाचा तर मुळीच नकोत. संकटसमयी घसरपट्टीवरून उतरावे लागले तर त्या आधी काढावयास लावतात. वैद्याने सांगितले असल्यास पोटऱ्या आवळणारे मोजे घालावेत. विमानातील न्हाणीघराची जमीन पुष्कळदा ओली असते, म्हणून नुसत्या मोज्यांनी तेथे जाऊ नये.

साडी नेसणाऱ्या भगिनींसाठी थोडे अधिक. पाचवारी साडी नेहमीपेक्षा बोटभर वर नेसावी, म्हणजे निऱ्यांचा काठ जमिनीला लागणार नाही. पदर खांद्यावर टाचणीने बसवून टोक कमरेला खोचावे. भरजरी काठ आणि टाचण्यांची गर्दी टाळावी. तपासणीच्या दारातून जाताना यंत्र वाजते आणि पडद्याआड थांबावे लागते. ही तपासणी स्त्रिया-स्त्रियाच करतात, तेव्हा संकोचाचे कारण नाही. नऊवारीचा या बाबतीत मोठा गुण असा, की तिचा कासोटा घातलेला असल्यामुळे पायऱ्या चढणे, आसनात पाय वर घेऊन बसणे आणि आडवे होणे या तिन्ही गोष्टी सुलभ होतात. ज्या वस्त्रात आपल्या आज्यांनी शेते लावली, ते आसनात बसण्यास कमी पडेल हे संभवत नाही. पोटऱ्यांच्या थंडीचा उपाय आनंदीबाईंच्या वेळी नव्हता तेवढा आज सोपा आहे. आतून लोकरीची तुमान घालावी आणि लांब मोजे चढवावेत.

आणि विकतच घ्यावयाचे तर आपण मध्य प्रदेशात राहतो हे विसरू नये. अहल्याबाई होळकरांच्या आश्रयाने वाढलेली महेश्वरची साडी, सूत व रेशीम यांच्या मिश्रणामुळे हलकी, चुरगळली तरी केविलवाणी न दिसणारी आहे. मधल्या काळात ती मागे पडली होती; १९७० च्या दशकाच्या अखेरीस महेश्वर येथे ‘रेवा’ संस्थेच्या द्वारे तिचे माग पुन्हा जोमाने चालू झाले. चंदेरी तशीच, पण ती अधिक नाजूक. लांबच्या रात्रीस महेश्वरीच बरी. पुरुषांनी धोतरच नेसावे असा आग्रह आम्ही धरणार नाही. सैल सुती विजार, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि वर बंद गळ्याचा हलका कोट एवढ्याने कोणत्याही विश्रांतिकक्षात मानाने बसता येते. कोट आत गेल्यावर सेवकवर्ग टांगून ठेवतो. अत्तराचा फाया मात्र घरीच ठेवावा; बंद हवेत आपला सुगंध शेजाऱ्याची डोकेदुखी होतो. दागिने मंगळसूत्र व कुड्या एवढेच पुरे. आणि शाल पांघरून निजणार असाल तर आसनाचा पट्टा शालीवरून बांधावा. तो दिसला म्हणजे सेविका झोपमोड करीत नाही.

आम्ही हे सारे कागदावर लिहून काकूंना दिले आणि त्यांच्या संमतीने सूनबाईंनाही कळवले. सूनबाई समंजस. त्यांनी उत्तरादाखल स्वतः लोकरीचे मोजे पाठवले. काकू सुती इरकली नऊवारी, पूर्ण बाह्यांची लोकरी बंडी आणि पट्ट्याचे बूट अशा वेशात गेल्या. पोहोचल्यावर त्यांनी दूरध्वनीवरून जो वृत्तान्त सांगितला तो असा: सेविकेने साडीची पोत हाताने पाहून कोठली म्हणून विचारले, रात्री दिवे मालवल्यावर कोणी कोणाकडे पाहिले नाही, आणि शेजारचा तरुण गुडघ्यांवर फाटलेली विजार घालून बसला होता. "बिचाऱ्याची परिस्थिती वाईट असावी, गुरुजी. तिकीट कोणी काढून दिले असेल, मी त्याला माझ्यातला एक लाडू दिला," असे काकू म्हणाल्या. त्या तरुणाने लाडू आनंदाने खाल्ला म्हणतात.

शाळेत आम्ही गणवेशाचा आग्रह धरतो. गरीब-श्रीमंत मुलांमधील भेद डोळ्यांना दिसू नये, हा त्याचा हेतू आहे. मोठ्या माणसांच्या जगात असा गणवेश नाही. तेथे भेद दाखवण्यासाठी विमानातही पडदा लावलेला असतो. त्या पडद्यापलीकडे बसण्याचा अधिकार तिकिटाने मिळतो, वेशाने नव्हे. वेशाने मिळते ती केवळ स्वतःची स्वस्थता. म्हणून परदेशी असलेल्या आमच्या मुलाबाळांस आमची विनंती एवढीच, की आई-वडिलांसाठी तिकीट पाठवाल तेव्हा त्यासोबत नवा वेश पाठवू नका. त्यांना थंडी वाजेल काय, पाय सुजतील काय, न्हाणीघरापर्यंत हात धरून कोणी नेईल काय, हे आधी विचारा. चाकाच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवा. मोजे पाठवा, शाल पाठवा. आणि वृद्धांनी, ज्या वस्त्रात आपण देवापुढे उभे राहतो त्यातच निःशंकपणे विमानात बसावे. फक्त ते धुतलेले, सुती आणि बोटभर वर नेसलेले असावे.